आम्लपित्त आणि जठराचें दार

मराठी घरांत ‘पित्त’ हा शब्द फार सढळ हातानें वापरला जातो. डोकें दुखूं लागलें कीं पित्त, अंगावर गांधी उठल्या कीं पित्त, प्रवासांत मळमळलें तर पित्त, आणि जेवून उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासानें छातीच्या मध्यभागीं कोणी निखारा ठेवल्यासारखें वाटूं लागलें तरीही पित्तच. गेल्या कांहीं दशकांत या शब्दाच्या शेजारीं ‘ॲसिडिटी’ हा इंग्रजी शब्द येऊन बसला. पण त्यामुळें अर्थ अधिक नेमका झाला असें मात्र नाहीं. वैद्यकाच्या दृष्टीनें या सर्व तक्रारी निरनिराळ्या आहेत व त्यांचीं कारणेंही निरनिराळीं आहेत. प्रस्तुत भाषणाचा विषय त्यांपैकीं शेवटच्या तक्रारीपुरता मर्यादित आहे: छातींतील जळजळ, घशाशीं येणारें आंबट पाणी आणि त्यांच्या मागोमाग येणारे आंबट ढेकर.

ही व्यथा आधुनिक राहणीनें निर्माण केली असें पुष्कळ लोक समजतात. तिचा प्रसार या राहणीनें वाढला असेल, पण तिची ओळख जुनी आहे. माधवनिदान या प्राचीन वैद्यकग्रंथांत अम्लपित्ताचें स्वतंत्र प्रकरण असून अन्न न पचणें, मळमळ, कडू व आंबट ढेकर, जडपणा, छाती व कंठ यांचा दाह, अन्नाविषयीं अरुचि हीं लक्षणें त्यांत सांगितलीं आहेत. आजच्या कोणत्याही दवाखान्यांत बसून ऐकलें तरी रोग्यांच्या तोंडून याहून फारसें वेगळें वर्णन ऐकूं येत नाहीं.

जठरांत आम्ल असतें व तें हायड्रोक्लोरिक आम्ल होय, हें पाश्चात्त्य वैद्यकाला निश्चितपणें समजलें तें लंडनचे वैद्य विल्यम प्राउट यांच्या १८२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधामुळें. त्याच सुमारास अमेरिकेंत मॅकिनॅक बेटावर एक विलक्षण घटना घडली होती. ६ जून १८२२ रोजीं अलेक्सिस सेंट मार्टिन नांवाच्या एका तरुण कॅनेडियन मजुरास अगदीं जवळून बंदुकीचा बार लागला. विल्यम बोमाँट या लष्करी सर्जननें त्यास वांचविलें. परंतु जखम भरून येतांना जठरापर्यंत जाणारें एक छिद्र कायमचें राहून गेलें. बोमाँटनें या छिद्राचा खिडकीसारखा उपयोग केला. रेशमी दोऱ्याला अन्नाचे तुकडे बांधून तो ते आंत सोडी, ठराविक वेळानें बाहेर काढी, आणि कोणता पदार्थ किती अवधींत विरघळला याची नोंद ठेवी. सेंट मार्टिन या प्रयोगांना कंटाळून एकदां न विचारतां कॅनडास निघून गेला, यांत त्याचा दोष काढतां यायचा नाहीं. बोमाँटचें पुस्तक १८३३ सालीं प्रसिद्ध झालें, आणि क्रोधाच्या प्रसंगीं जठराची स्थिति कशी बिघडते हेंही त्यानें त्यांत नमूद केलें आहे.

हें आम्ल किती तीव्र असतें? आम्लतेच्या ज्या मापास पीएच म्हणतात, त्यांत रक्ताचा अंक ७.४ च्या आसपास असतो, तर रिकाम्या जठरांतील रसाचा दीड ते साडेतीनच्या दरम्यान. या मापांत एक अंक उतरला म्हणजे आम्लता दसपट वाढते, हें लक्षांत घेतलें म्हणजे दोहोंमधील अंतराची कल्पना येईल. निरोगी माणसाच्या जठरांत दिवसाकाठीं सुमारें दोन लिटर रस तयार होतो. जठराच्या आंतील बाजूस बुळबुळीत द्रवाचें जाड अस्तर असतें, म्हणून जठर स्वतः भाजून निघत नाहीं. त्याच्यावर असलेल्या अन्ननलिकेला मात्र असें कवच नाहीं. सुमारें २५ सेंटिमीटर लांबीची ही नळी अन्न खालीं पोहोंचविण्यासाठीं आहे. आम्ल सोसण्यासाठीं ती घडविलेली नाहीं.

येथेंच या विषयांतील सर्वांत दृढ गैरसमज दिसून येतो. छाती जळूं लागली कीं रोगी म्हणतो, “माझ्या पोटांत आम्ल फार झालें.” वस्तुतः जळजळीच्या बहुसंख्य रोग्यांच्या जठरांत आम्ल इतरांच्या इतकेंच तयार होतें. फरक इतकाच कीं, तें जेथें राहावयास पाहिजे तेथें राहत नाहीं. दोष आहे तो दाराचा. अन्ननलिका जेथें जठरास मिळते तेथें तीन-चार सेंटिमीटर लांबीचें स्नायूंचें एक कडें असतें. घास गिळला कीं तें उघडतें, घास खालीं गेला कीं मिटतें. छाती व पोट यांना विभागणारें जें श्वासपटल, त्याचे तंतूही याच जागीं बाहेरून वेढा देऊन त्या कड्यास बळकटी आणतात. म्हणजे एकाच उंबरठ्यावर दोन पहारेकरी असतात. कांहींच्या बाबतींत जठराचा वरचा भाग श्वासपटलाच्या छिद्रांतून वर छातींत सरकतो, व मग हे दोन पहारेकरी एकमेकांपासून दूर पडतात. त्या विकारास हायेटस हर्निया म्हणतात. वाढत्या वयांत तो पुष्कळ आढळतो आणि नुसत्या नांवानें घाबरून जाण्याजोगा नाहीं.

हें दार सदैव बंद असतें असेंही नाहीं. गिळण्याशीं कांहीं संबंध नसतांना तें मधूनमधून आपोआप सैल पडतें व दहा सेकंदांहून अधिक काळ उघडें राहतें. निसर्गाची ही योजना जठरांतील वायु बाहेर सोडण्यासाठीं आहे, व ढेकर हें तिचें फळ. अशा वेळीं थोडेंसें आम्ल वर येणें हें प्रत्येक निरोगी मनुष्याच्या बाबतींत घडतें. लाळ त्याला धुऊन काढते आणि त्याचा पत्ताही लागत नाहीं. जठर जितकें ताणलें जाईल, तितकें हें शैथिल्य वारंवार येतें. पोटभर जेवून वर ‘आग्रहाचा’ चौथा लाडू खाणारा मनुष्य या दाराला ढकलीत असतो. पोटाचा घेर वाढला कीं आंतील दाब वाढतो. घट्ट आवळलेला पट्टा किंवा परकराची करकचून बांधलेली नाडी हेंच काम लहान प्रमाणावर करते. गरोदरपणीं गर्भाचा दाब आणि स्नायू सैल करणारें प्रोजेस्टेरॉन हें संप्रेरक, या दोहोंमुळें जळजळ पुष्कळ स्त्रियांना होते, व प्रसूतीनंतर ती बहुधा नाहींशी होते.

जेवणानंतरच जळजळ कां व्हावी, याचाही उलगडा झाला आहे. अन्न पोटांत पडल्यावर आम्ल त्यांत मिसळून सौम्य होतें, अशी पूर्वींची समजूत होती. ग्लासगो येथील संशोधकांना २००१ सालीं असें आढळून आलें कीं, जेवणानंतर जठराच्या अगदीं वरच्या भागांत, दाराला लागूनच, अन्नांत न मिसळलेल्या आम्लाचा एक थर राहतो. आमटीवर तरंगणाऱ्या तर्रीसारखी ही गोष्ट आहे. अशा वेळीं दार सैल झालें कीं प्रथम वर उसळतो तो हाच थर.

दिवसा हें आम्ल वर आलें तरी तीन गोष्टी त्यास लगेच खालीं लोटतात: शरीराचें उभें असणें, वारंवार गिळणें आणि लाळ. रात्रीं झोपेंत तिन्ही नाहींशा होतात. माणूस आडवा होतो, गिळणें विरळ होतें, लाळ जवळजवळ थांबते. म्हणून रात्रीं वर आलेलें आम्ल अन्ननलिकेंत बराच काळ रेंगाळतें, आणि खरी इजा बहुतेक याच वेळीं होते. पहाटे येणारा कोरडा खोकला, सकाळीं बसलेला आवाज, कांहींचा वाढलेला दमा यांच्या मुळाशींही कधीं कधीं हेंच असतें.

आतां शहरांतील एखाद्या कुटुंबाचें रात्रीचें वेळापत्रक पाहावें. घरांतील कर्ता पुरुष, आणि आजकाल तितक्याच संख्येनें कर्ती स्त्री, मुंबईंतील कचेरी सुटल्यावर लोकलची गर्दी सोसून डोंबिवलीस किंवा विरारला पोहोंचते तेव्हां आठ-साडेआठ वाजलेले असतात. दिवसभराचें खरें जेवण असें जें कांहीं, तें नऊ-दहाच्या सुमारास होतें. आणि सकाळची गाडी गांठावयाची म्हणून अकराच्या आंत दिवे मालवले जातात. जठर रिकामें होण्यास साधारण दोन ते चार तास लागतात. जेवण तेलातुपाचें असेल तर त्याहून अधिक. म्हणजे जठर पूर्ण भरलेलें असतां, दारापाशीं आम्लाचा थर साचलेला असतां, हीं माणसें अंथरुणावर पडतात. त्यांतही जी सर्वांस वाढून मागाहून जेवते आणि ओटा पुसून, फरशीवर वांकून झांकपाक करून लगेच आडवी होते, तिची गत अधिक वाईट. वांकणें म्हणजे भरलेली पिशवी दाबणेंच होय. अशा घरांतून औषधाची बाटली बदलून पाहतात, डॉक्टर बदलून पाहतात; जेवणाची वेळ तेवढी कोणी बदलून पाहत नाहीं.

ती बदलणें सर्वांना शक्य नाहीं हें खरें. तथापि तिची विभागणी करतां येते. संध्याकाळीं सहा-साडेसहाला कचेरींतच पोळी-भाजी खाऊन घ्यावी आणि घरीं आल्यावर थोडा मऊ भात किंवा मुगाची खिचडी, तीही अर्ध्या पोटीं, असा क्रम ज्यांनीं ठेवला त्यांना पुष्कळदां गोळीची गरज कमी भासते. शेवटचा घास आणि अंथरूण यांत तीन तासांचें अंतर असावें, हा या विकारावरील सर्वांत स्वस्त उपाय आहे. सर्वांनीं एकत्र बसून, बाईनेंही त्याच वेळीं जेवावें, हें यांत ओघानेंच आलें.

जुन्या मराठी घरांत जेवणानंतर दोन गोष्टी सांगितल्या जात: शतपावली आणि वामकुक्षी. शतपावलीचा अर्थ अजून शाबूत आहे. जेवणानंतर सावकाश फिरल्यानें शरीर उभें राहतें आणि जठर आपलें काम करतें. पळणें, वजन उचलणें, दंडबैठका काढणें मात्र त्या वेळीं टाळावें. वामकुक्षीचें दैव तितकें चांगलें नाहीं. वाम म्हणजे डावी, कुक्षि म्हणजे कूस. परंतु व्यवहारांत तिचा अर्थ ‘दुपारची झोप’ एवढाच उरला आणि ती वाटेल त्या कुशीवर घेतली जाऊं लागली. जठराची ठेवण पाहतां डावी कूसच योग्य ठरते. जठराचा फुगीर भाग शरीराच्या डाव्या बाजूस आहे; डावीकडे वळून निजल्यास आम्ल त्या पोकळींत खालीं साचतें व दार त्याच्या वर राहतें. उजव्या कुशीवर वळलें कीं दार खालीं आणि आम्ल वर, अशी उलटापालट होते. ॲमस्टरडॅम येथील संशोधकांनीं रोग्यांच्या झोपेंतील स्थितीची आणि अन्ननलिकेंतील आम्लाची रात्रभर एकत्र नोंद घेतली. डाव्या कुशीवर असतां अन्ननलिकेंतील आम्ल पुष्कळ लवकर ओसरतें, असा त्यांचा २०२२ सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष आहे. अर्थात् तीव्र त्रास असणाऱ्यानें जेवणानंतर डाव्या कुशीवरही लगेच पडूं नये, आरामखुर्चींत बसावें.

रात्रींच्या त्रासास दुसरा उपाय पलंगाचा आहे. पलंगाच्या डोक्याकडील दोन पायांखालीं सहा ते आठ इंच उंचीचे लांकडी ठोकळे अथवा पक्क्या विटा ठेवाव्या. पुष्कळ लोक याऐवजीं दोन-तीन उशा रचतात. तसें केल्यानें मान तेवढी उंच होते, शरीर कंबरेंत मोडतें व पोटावरचा दाब उलट वाढतो. सबंध धड उतरतें असावयास पाहिजे. जमिनीवर निजणाऱ्यांनीं गादीच्या खालीं, पाठीपर्यंत पोहोंचेल अशी पाचर घालावी.

खाण्यापिण्याच्या पथ्यासंबंधानें सल्ला देणारे घरोघर असतात, आणि त्या सर्वांचें ऐकलें तर रोग्याच्या पानांत भाताशिवाय कांहींच उरणार नाहीं. यांत थोडा विवेक हवा. कांहीं पदार्थ दार सैल करतात किंवा जठर फार काळ भरलेलें ठेवतात: तळण, साय, चॉकलेट, पेपरमिंट, मद्य, आणि तंबाखू मग ती ओढलेली असो, पानांत घातलेली असो वा मिश्री म्हणून दांतांना लावलेली असो. दुसरे कांहीं पदार्थ दाराला धक्का लावीत नाहींत, पण आधींच सोललेल्या अन्ननलिकेला झोंबतात: मिरची, टोमॅटो, लिंबू, संत्रें. चहा-कॉफी व कच्चा कांदा कांहींना बाधतात, कांहींना मुळींच नाहीं. म्हणून दोन आठवडे एका वहींत काय खाल्लें, केव्हां खाल्लें आणि जळजळ केव्हां झाली हें टिपून ठेवावें, आणि जो पदार्थ वारंवार अपराधी ठरेल तोच सोडावा. कोकम आंबट असून पित्तशामक मानलें जातें; ज्यास मानवतें त्यानें सोलकढी खुशाल प्यावी, ज्यास घशाशीं येते त्यानें परंपरेच्या भिडेस पडूं नये. उपवासाविषयीं तर ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हणच पुरेशी आहे. दिवसभर नुसता चहा आणि रात्रीं तुपांत परतलेली, शेंगदाण्याच्या कुटानें जड झालेली साबुदाण्याची खिचडी, वर बटाट्याचे पापड, हा उपवास जठरास मेजवानीहून महाग पडतो.

ज्यांचें वजन अधिक आहे त्यांनीं तें थोडें जरी उतरविलें तरी त्रास कमी होतो. या उपायाचा पुरावा कोणत्याही पथ्यापेक्षां भक्कम आहे, आणि त्याचें नांव काढलें कीं ऐकणाऱ्याचा उत्साह नेमका मावळतो.

थंड दुधाबद्दल दोन शब्द सांगणें अवश्य आहे. दूध प्याल्याबरोबर बरें वाटतें यांत संशय नाहीं. परंतु दुधांतील प्रथिनें व कॅल्शियम हीं जठराला पुन्हां आम्ल सोडावयास लावतात, म्हणून तासाभरानें जळजळ परत येऊं शकते. शिकागो येथील बर्ट्रम सिपी या डॉक्टरांनीं १९१५ सालीं जठरव्रणाच्या रोग्यांस तासातासाला दूध व साय आणि मध्यंतरीं क्षारांच्या पुड्या देण्याची पद्धत प्रसिद्ध केली, आणि ती कित्येक दशकें जगभर चालली. पुढें असें दिसून आलें कीं दूध आणि क्षार यांच्या अतिरेकानें कांहीं रोग्यांच्या रक्तांतील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडें बिघडत. एखादे वेळीं पेलाभर दूध घेण्यास हरकत नाहीं; रोज रात्रीं निजतांना पेला भरून पिण्याची संवय मात्र सोडावी, कारण त्यामुळें निजतेवेळींच जठर भरतें. खाण्याचा सोडा आणि फसफसणारीं चूर्णें यांचीही गोष्ट अशीच आहे. त्यांतून निघणाऱ्या वायूनें जोराचा ढेकर येतो व मनुष्यास समाधान वाटतें. पण तो वायु प्रथम जठराला ताणतो, आणि सोड्यांतील सोडियम रक्तदाबाच्या, हृदयाच्या व मूत्रपिंडाच्या रोग्यांना अपायकारक असतें.

आतां या विषयांतील सर्वांत गंभीर भाग. छातींत जें जळतें किंवा दाटतें तें प्रत्येक वेळीं जठरांतून आलेलें नसतें. हृदय आणि अन्ननलिका हीं छातींत अगदीं शेजारीं आहेत, आणि दोहोंच्या वेदना वाहून नेणारे ज्ञानतंतू पृष्ठरज्जूच्या जवळजवळ त्याच भागांत पोहोंचतात. त्यामुळें वेदना नेमकी कोणाची हें मेंदूला सांगतां येत नाहीं. रोग्याला तर नाहींच. ‘गॅस झाला आहे, सोडा घेऊन पडतों’ असें म्हणून कित्येकांनीं ते तास घालविले आहेत कीं ज्यांत हृदयाची बंद पडलेली रक्तवाहिनी उघडून हृदयाचा स्नायू वांचवितां आला असता. म्हणून खुणा ठाऊक असाव्या. जळजळ बहुधा जेवणानंतर, वांकल्यावर किंवा आडवें झाल्यावर होते, खालून वर घशाकडे चढते आणि तोंडाला आंबट चव आणते. हृदयाची वेदना बहुधा दाबल्यासारखी, आवळल्यासारखी, छातीवर धोंडा ठेवल्यासारखी असते. जिना चढतांना किंवा भरभर चालतांना सुरू होऊन थांबल्यावर कमी होते. हात, खांदा, पाठ किंवा जबडा यांकडे पसरते. सोबत घाम, धाप, भोवळ असते. परंतु ‘बहुधा’ हा शब्द येथें फार महत्त्वाचा आहे. स्त्रिया, वृद्ध आणि मधुमेही यांच्या बाबतींत हृदयविकार नुसत्या मळमळीनें, पोटाच्या वरच्या भागांतील दडपणानें किंवा अकारण थकव्यानें प्रगट होऊं शकतो.

ढेकर आल्यावर बरें वाटलें, अथवा पातळ औषधाच्या दोन चमच्यांनीं आराम पडला, एवढ्यावरून हृदय निर्दोष आहे असें ठरत नाहीं. चाळिशी उलटलेल्या, धूम्रपान करणाऱ्या, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या, अथवा घरांत हृदयविकाराचा इतिहास असलेल्या मनुष्यास अशी वेदना प्रथमच झाली, किंवा नेहमींच्या जळजळीहून ती निराळी वाटली, तर घरगुती उपाय करीत बसूं नये. महाराष्ट्रांत १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. इस्पितळांत इसीजी काढतात. पहिला निर्दोष आला तरी डॉक्टर कांहीं तासांनीं तो पुन्हां काढतात व रक्त तपासतात, तेव्हां तेथून निघण्याची घाई करूं नये. तपासणी होऊन ‘नुसतें आम्ल होतें’ असें निघालें तर संकोच वाटण्याचें कारण नाहीं. अशा ‘फुकट’ गेलेल्या फेऱ्या कोणत्याही डॉक्टराला चालतात.

जठरव्रण, म्हणजे लोक ज्यास अल्सर म्हणतात, तो आणखी वेगळा. बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांना त्याच्या मुळाशीं हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतु असल्याचें दिसून आलें. लोकांचा विश्वास बसेना म्हणून मार्शलनें १९८४ सालीं तो जंतु स्वतः पिऊन दाखविला, व २००५ सालीं दोघांना नोबेल पारितोषिक मिळालें. दुखण्याच्या गोळ्या, विशेषतः ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन, हें व्रणाचें दुसरें मोठें कारण आहे. या गोळ्या आणि इतरही कांहीं औषधें अर्ध्या घोटावर गिळून लगेच निजल्यास अन्ननलिकेंतच चिकटून तिला जखम करतात. गोळी नेहमी पेलाभर पाण्याबरोबर आणि बसून घ्यावी.

औषधांचा इतिहास या शतकाच्या मागच्या पानांवर आहे, पण तो मोठा उज्ज्वल आहे. जेम्स ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञाच्या संशोधनांतून निघालेलें सिमेटिडीन हें आम्ल कमी करणारें औषध १९७६ सालीं ब्रिटनमध्यें बाजारांत आलें, आणि ज्या व्रणांसाठीं पूर्वीं पोट फाडावें लागे ते गोळीनें भरूं लागले. ब्लॅक यांना १९८८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्याच वर्षीं स्वीडनमध्यें सिद्ध झालेलें ओमेप्राझोल उपलब्ध झालें. त्याच्या कुळांतील पँटोप्राझोल, राबेप्राझोल हीं नांवें आज घराघरांतील औषधाच्या डब्यांत सांपडतात. जठराच्या पेशींत आम्ल बाहेर टाकणारे सूक्ष्म पंप असतात. हीं औषधें ते पंप बंद पाडतात. पण जो पंप चालूं आहे त्यालाच तीं बांधूं शकतात, आणि पंप चालूं होतात ते अन्न आल्यावर. म्हणून ही गोळी न्याहारीपूर्वीं अर्धा ते एक तास घ्यावयाची असते. जळजळ सुरू झाल्यावर, भरल्या पोटीं घेतलेली गोळी बरीचशी वायां जाते. ताबडतोब आराम हवा असल्यास ॲल्युमिनियम व मॅग्नेशियम यांचीं पातळ औषधें उपयोगी पडतात, त्यांपैकीं पहिल्यानें मलावरोध होतो व दुसऱ्यानें शौचास पातळ होतें, म्हणून दोन्हीं एकत्र मिसळलेलीं असतात. समुद्रशैवालांपासून काढलेलें अल्जिनेट हें जठरांतील द्रवावर तराफ्यासारखें तरंगून दारापाशींच्या आम्लाच्या थराला झांकतें. गरोदर स्त्रियांनाही डॉक्टर बहुधा हेंच सुचवितात.

या कुळांतील गोळ्यांचा खरा धोका त्यांच्या गुणांतच आहे. त्या इतक्या परिणामकारक आहेत कीं मनुष्य जेवणाची वेळ, वजन, तंबाखू सर्व जसेंच्या तसें ठेवतो आणि गोळी वर्षानुवर्षें चालवितो. साधारणतः चार ते आठ आठवड्यांचा क्रम ठरवून दिलेला असतो. दीर्घकाळ घेणाऱ्यांत ब जीवनसत्त्वांपैकीं बी-१२ व मॅग्नेशियम कमी पडण्याचा संभव असतो. शाकाहारी कुटुंबांत बी-१२ आधींच तुटपुंजें असल्यानें हें विशेष लक्षांत ठेवावें. आपल्याकडे पुष्कळ कॅप्सूलांत डॉम्पेरिडोन हें दुसरें औषधही घातलेलें असतें, आणि त्यानें क्वचित् हृदयाची लय बिघडते. तें दुकानदाराच्या सांगण्यावरून महिनोन्महिने घेण्याचें औषध नव्हे. उलटपक्षीं, हीं तोटे ऐकून गोळी एका दिवसांत तोडणेंही बरें नव्हे. बरेच दिवस दाबलेले पंप मोकळे होतांच कांहीं आठवडे अधिकच आम्ल सोडतात, आणि रोग्यास वाटतें कीं रोग बळावला. डॉक्टरांच्या सल्ल्यानें मात्रा उतरवीत, दिवसाआड करीत ती थांबवावी. हृदयासाठीं ॲस्पिरिन चालूं असलेल्यांना व ज्यांच्या अन्ननलिकेस मोठी इजा झालेली आहे त्यांना ती दीर्घकाळ लागते, व त्यांनीं ती मनानें बंद करूं नये.

घास अडकल्यासारखा वाटणें, गिळतांना दुखणें, न ठरवितां वजन उतरणें, वांतींत रक्त दिसणें, शौचास डांबरासारखें काळें होणें, रक्तक्षय, अथवा पन्नाशीनंतर ही तक्रार प्रथमच सुरू होणें, यांपैकीं एकही गोष्ट असल्यास दुर्बिणीची तपासणी लांबणीवर टाकूं नये. वर्षानुवर्षें आम्ल सोसलेल्या अन्ननलिकेचें अस्तर कांहींच्या बाबतींत पालटतें. लंडनच्या नॉर्मन बॅरेट या शल्यतज्ज्ञाच्या १९५० सालच्या लेखावरून या पालटास त्यांचें नांव मिळालें. त्यांतील बहुतेकांना कर्करोग होत नाहीं, परंतु ज्या थोड्यांना होतो त्यांचा शोध वेळेवर लागावा म्हणून ठराविक काळानें पाहणी करावी लागते. या तपासणीची भीति उगीचच बाळगली जाते. रात्रीं जेवून मग सकाळीं कांहीं न खातां जावें लागतें, घशावर बधिर करणारा फवारा मारतात, डाव्या कुशीवर निजवितात, आणि करंगळीइतकी जाड लवचीक नळी तोंडावाटें आंत सोडतात. पांच-दहा मिनिटांत काम आटोपतें. घशाचा बधिरपणा जाईपर्यंत कांहीं खाऊं-पिऊं नये, आणि झोपेचें इंजेक्शन दिलें असेल तर त्या दिवशीं वाहन चालवूं नये. बरोबर घरचें कोणी तरी असावें.